तुझ्या आवाजात

प्रिय ताई,

फोनवर आईचं नाव निघालं की तू ‘बरं, ठेवते’ म्हणतेस आणि खरंच ठेवतेस. म्हणून हे पत्र. शेजारच्या काकूंचा जावई उद्या कामासाठी तिकडे निघालाय, तो तुझ्या हातात देईल. रागाच्या भरात तू ते फाडशीलही, पण आधी वाचशील, एवढी तुझी खोड मला ठाऊक आहे. लांबण लागणार आहे. मला थोडक्यात सांगता येत नाही, हे तू मी बोलायला लागले तेव्हापासून ऐकवते आहेस.

आधी वाईट बातमी सांगून टाकते. आईचं आता फार राहिलेलं नाही. साखरेने डोळे केव्हाच नेले होते, आता मूत्रपिंडंही थकली. दवाखान्यातून घरी आणलंय ते तिच्याच हट्टाने. डॉक्टरीणबाई काही गोड बोलण्याबद्दल प्रसिद्ध नाहीत, पण त्या दिवशी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, कुणाला बोलवायचं असेल तर आता बोलवा. मी घरी येऊन आईला यातलं काही सांगितलं नाही. माझ्या चपला काढण्यावरूनच तिने ओळखलं असावं. म्हणाली, “मोठीला कळवू नकोस हं. तिचं तिकडे महत्त्वाचं काम चाललंय.” ताई, बाबांच्या वेळी होते तेच शब्द. मी ‘हो’ म्हटलं आणि मनाशी ठरवलं की या वेळी तिचं ऐकायचं नाही.

आता माझं. मला नवं काम लागलंय एवढंच तुला सांगितलं होतं, कसलं ते मुद्दाम सांगितलं नाही. मी आवाज देते. परदेशी मालिका आपल्या भाषेत येतात ना, त्यांतल्या बायकांच्या तोंडी मी बोलते. हसू नकोस. हे मी शोधत गेले नव्हते, भांडणातून मिळालं. मदतकेंद्रात फोन उचलायची माझी नोकरी होती तेव्हा एका गृहस्थांचा फोन आला. त्यांची फोनची लाइन बंद पडली होती. त्यांनी मला धारेवर धरलं, आमच्या कंपनीच्या सात पिढ्या उद्धरल्या, आणि मी नेहमीच्या गोड आवाजात ‘आम्ही आपली गैरसोय समजू शकतो’ चालूच ठेवलं. शेवटी दमून ते म्हणाले, “बाई, तुम्ही एक अक्षरही मनापासून बोलत नाही, आणि तरी मला बरं वाटतंय. तुम्ही माझ्या स्टुडिओत या.” मला वाटलं, म्हातारा लफंगा आहे. काकूंना सोबत घेऊन गेले. काकू बाहेरच्या बाकावर छत्री हातात धरून बसल्या, लागलीच तर असू द्यावी म्हणून. लागली नाही. त्या गृहस्थांना तिथे सगळे मास्तर म्हणतात, आणि ते माणूस म्हणून सोनं आहेत, फक्त ते सोनं सदैव तापलेलं असतं.

पण मास्तरांनी बोलावलं म्हणजे लगेच नायिकेचा आवाज दिला असं नव्हे. तिथे नव्या माणसाने आधी गर्दीत उभं राहायचं. सहा-सात जणांनी एका माइकभोवती कोंडाळं करायचं आणि बाजार व्हायचं, मोर्चा व्हायचं, दवाखान्याची रांग व्हायचं. बांगड्या, घड्याळ सगळं बाहेर काढून ठेवायचं, चपलासुद्धा. खळीचे कपडे घालायचे नाहीत, सळसळतात. उपाशीपोटी यायचं नाही, कारण पोटातली गुरगुर माइक आधी पकडतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गर्दीत असताना कळेल असं वाक्य बोलायचं नाही, नुसतं पुटपुटायचं. एकदा राजेरजवाड्यांच्या काळातली लढाई होती आणि आम्ही बायका वेशीवर उभ्या राहून आकांत करत होतो. माझं मन घरी. मास्तरांनी सगळं थांबवलं आणि काचेपलीकडून विचारलं की तलवारी चालू असताना साखरेच्या गोळ्या कुणाच्या संपल्या आहेत? मी चक्क म्हणत होते, ‘साखरेच्या गोळ्या संपल्यात, जाताना घ्यायला हव्यात.’ सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मास्तर हसले नाहीत. त्या दिवशी त्यांनी मला लवकर सोडलं.

पुढे एक बाई मिळाली. मालिकेतली एका बेकरीवाल्याची मोठी मुलगी, चिडकी, आतून हळवी. तू म्हणशील, कुणासारखी गं? तर तुझ्यासारखीच. मला काही करावंच लागेना. मी तुझा आवाज लावला आणि ती बाई बोलायला लागली. एका प्रसंगात ती बापाच्या खोलीच्या दारापर्यंत जाते, श्वास घेते आणि न बोलता परत फिरते. मला ते रितं रितं वाटलं, म्हणून मी तिथे हळूच एक ‘बाबा’ टाकला. मला वाटलं, शाबासकी मिळेल. मास्तर असे कडाडले की काचेपलीकडचा ध्वनिमुद्रकही दचकला. “ती बोललेली नाही! तिने जे म्हटलं नाही ते तिच्या तोंडी घालायचा तुला काय अधिकार? श्वास घेतलाय ना तिने? मग श्वासच दे.” मी तो श्वास पुन्हा पुन्हा दिला आणि तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. घरी येताना मला रडू येत होतं. ओरडा बसला म्हणून नव्हे, दाराशी उभी राहिलेली ती बाई डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

आपले आवाज एक आहेत हे काही नवीन नाही. आत्या फोनवर तुझी गाऱ्हाणी तुलाच सांगायची, आणि तू माझ्या नावाने ‘हो ना, ताई तशीच आहे’ म्हणत तिला आणखी चढवायचीस. बाबा तर उंबऱ्यातूनच विचारायचे, “कोण बोलतंय ते आधी सांगा, मग मी उत्तर देतो.” एक आईच होती जिला कधी विचारावं लागलं नाही. मी मात्र हे साफ विसरून गेले होते, बघ.

दवाखान्यातून आणल्यावर आईला तापाची ग्लानी असायची. एका संध्याकाळी मी स्टुडिओतून आले, त्या बेकरीवाल्याच्या मुलीचं दिवसभर काम करून. दारातून काकूंना काहीतरी विचारलं, ते अजून तिच्याच आवाजात, म्हणजे तुझ्याच. पलंगावरून आई म्हणाली, “मोठे, आलीस?” ताई, तो स्वर मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. आपल्या घरात तुझं नाव गेली इतकी वर्षं जपून, दबकत घेतात. आणि ती अशी म्हणाली, जशी तू भाजी आणायला खाली गेली होतीस. मी म्हटलं, “आले गं.” तिने हात पुढे केला. मी धरला नाही. हात धरला असता तर तिने माझी बोटं ओळखली असती.

एकदा केलं ते केलं. पण तापाचा जोर ओसरला तरी ती तुझी वाट बघायला लागली, आणि मला राहवेना. मग मी दुपारच्या सुट्टीत स्टुडिओच्या जिन्यात बसून घरी फोन लावायला लागले, तुझी होऊन. काकू तिच्या कानाशी धरायच्या. काकूंना हे अजिबात पसंत नव्हतं. “असल्या गोष्टी अंगाशी येतात,” म्हणाल्या, पण फोन धरायच्या. आई तुझ्याशी काय काय बोलायची सांगू? तू केस अजून ओलेच बांधतेस का. तिकडे थंडी सोसते का. तुझ्या साहेबाचं आणि तुझं पटतं का, नसेल पटत तर तू आधी दोन शब्द कमी बोलत जा. माझीही चौकशी व्हायची. “धाकटी फार थकते गं हल्ली, माझ्यासमोर दाखवत नाही. तिचं काहीतरी बघ.” मी तुझ्या आवाजात ‘बघते’ म्हणायचे आणि जिन्यात तोंडावर ओढणी दाबून बसायचे.

मला तुझा राग कधी आला नाही असं मी म्हणणार नाही. खूप आला. पण तुझं चुकलं असं मला कधी वाटलं नाही. बाबा दवाखान्यात होते, तुझी शेवटच्या वर्षाची परीक्षा होती, आणि आई रोज तुला फोनवर सांगत होती की बाबा झोपलेत, उद्या बोल. मी तेव्हा शाळेत होते, मला ती फोनच्या आसपास फिरकू द्यायची नाही. शेवटचा पेपर देऊन तू हसत फोन केलास, तेव्हा घरात माणसं जमली होती. तू आलीस, बाबांच्या पायाशी बसलीस, आणि उठताना आईला म्हणालीस की आता आपल्या दोघींत बोलण्यासारखं काही उरलं नाही. तू शब्दाची पक्की. आईही पक्की, तिने कधी स्वतःची बाजू मांडली नाही. पण या फोनांमध्ये ती एकदा आपणहून बोलली. म्हणाली, “बाबाच म्हणाले होते, पोरीचं वर्ष वाया घालवू नकोस. पण ते असं म्हणाले तेव्हा ते घाबरलेले होते, आणि घाबरलेल्या माणसाचं सगळंच ऐकायचं नसतं, हे मला कळायला हवं होतं.” तुला हे ठाऊक नव्हतं ना? मलाही नव्हतं.

परवा दुपारी पुन्हा फोन लावला. तिचा आवाज फार खोल गेला होता, काकूंना मध्ये मध्ये तिच्या तोंडाशी फोन न्यावा लागत होता. केस नाही, थंडी नाही, काही नाही. एकदम म्हणाली, “मोठे, मला माफ केलंस का गं?” ताई, एका ‘हो’चं काम होतं. तिचे किती दिवस राहिलेत ते मला ठाऊक होतं, तुझा आवाज माझ्या गळ्यात तयार होता, आणि त्या ‘हो’ने ती सुखाने झोपली असती. मी श्वास घेतला. जिन्यातून माणसं वर-खाली जात होती आणि मी नुसती फोन कानाला लावून बसले होते. आई वाट बघत राहिली. मग अगदी सावकाश, मी लहान असताना समजूत घालायची त्या सुरात म्हणाली, “राहू दे, धाकटे. हे तू नको सांगूस, राजा. हे तिलाच विचार. तू जेवलीस का?”

तिला पहिल्या संध्याकाळपासून ठाऊक होतं. मी संध्याकाळी घरी जाऊन तिच्या उशाशी बसले, आणि या वेळी हात धरला. ती एवढंच म्हणाली की तुझा आवाज ऐकल्यासारखं तरी होत होतं, म्हणून मला बोलू दिलं. म्हणून हे पत्र, ताई. मी तुला बोलावत नाही. ये असंही म्हणत नाही, यायचं की नाही ते तुझं तू बघ. आमच्या घरचा फोन काकूंकडेच असतो, तो तू केव्हाही लाव. त्या आईच्या कानाशी धरतील आणि मी खोलीतून बाहेर जाईन. ‘नाही’ असेल तर ‘नाही’ सांग, ती तेही ऐकून घेईल. पण लवकर लाव. आईने मला तुला विचारायला सांगितलंय, आणि मी विचारते आहे: तू तिला माफ केलंस का?

तुझीच,
धाकटी