मेंढरांचा आकडा

॥ श्री ॥
सातारा, ५ जानेवारी १९९४

प्रिय धुळा यास,
सप्रेम नमस्कार वि. वि.

कोवळ्या उन्हात बसलो आणि तुमचा डोंगर आठवला. चौथीत असताना मी तिथं कविता म्हणायचो, आणि माझ्या सुरानं मेंढरं बुजतात म्हणून तू मला हाकलायचास!

असो. सरकार तो डोंगर झाडं लावण्यासाठी बंद करणार आहे. साहेब मोजणीला येतील. वस्तीवर जेवढी मेंढरं सांगाल तेवढ्यांपुरतंच कुरण मोकळं राहील. तेव्हा बाबा, खरं सांग. शालूवहिनींना नमस्कार. लोभ उतू जाऊ दे, कमी नको.

तुझा,
चिंतामण


कडेगावजवळची वस्ती, २० फेब्रुवारी

चिंतामणा, धुळाचा रामराम, इनंती इशेष.

तुझं पत्र दोनदा वाचलं हुतं. पर सायबानं मेंढरं किती म्हून इचारलं आन जीभच रेटंना. लक्ष्मीचा आकडा परक्याम्होरं बोलला की कळपाला नजर लागती, बानं मरताना बजावलंय. चाळीस म्हणालो. तर शालू मागनं सदरा वडून म्हणती, तीस सांगा की! खरा आकडा तुलाबी लिवत न्हाई, पर चाळीस तर नुसती गाभण हायती.

खाली माझी सही घेतली. आता वड्याकडंची पट्टी सोडून समदा डोंगर तारंच्या कुंपनात गेला. पट्टी आठ दिसांत खरडून खाल्ली. गड्या, तू शिकलेला. हाफिसात जाऊन सांग, धुळा खोटं बोलला म्हून. माया हाय तशी ऱ्हाऊ दे.

धुळा


सातारा, १२ मार्च

प्रिय धुळा, स. न. वि. वि.

सांगलीला जाऊन आलो. साहेब सज्जन, चहा पाजला. तुमची रीत शांतपणे ऐकून घेतली आणि तुझी सही दाखवली. हरकतीची मुदत फेब्रुवारीतच संपली. चाळिसावरची मेंढरं आता बाहेरची समजणार म्हणाले. मी आपला पिढ्यांच्या पावलांनी पडलेल्या वाटांचं काय काय बोलत राहिलो. तसा रकाना त्यांच्या नमुन्यात नाही.

जन्मभर पोरांना कविता शिकवल्या रे, पण एक अर्ज धड लिहिता आला नाही. रागाव, पण पत्र पाठव.

तुझा,
चिंतामण


वस्ती, २ ऑगस्ट

चिंतामणा, रामराम.

राग न्हाई. मेंढरं बाजारात इकली. मला त्याच डोंगरावर राखणदार नेमलाय. खाकी सदरा, शिट्टी. डोंगर माझ्याइतका कुणाला ठावं, म्हून निवडला म्हनं.

काल तार वाकवून कळप आत आला. बघतो तर शालूचा भाऊ, बिराप्पा. त्यानं हात जोडले, दाजी, एक दीस चरू द्या म्हणाला. मी शिट्टी वाजवली. मेंढरं हाकलली, वहीत त्याचं नाव लिवलं.

शालू कालपास्नं ताट वाढती आन पाठ फिरवून बसती. तू तरी लिवत जा.

धुळा