यांना भाजलं का

ता. २ डिसेंबर १९१२, सोमवार
यांच्या झटक्याला आज दीड महिना झाला. उजवा हात, उजवा पाय तसेच. बोलण्यात एकच शब्द उरलाय, ‘नाही’. पाणी हवं का? नाही. आणि पेला ओठाला लावला की घटाघटा पितात.
दुपारी, मुलींच्या शाळेसाठी मी लिहितेय त्या पुस्तकातला मेंदूचा पाठ पुढे नेला. इजा मेंदूच्या डाव्या अंगाला झाली तर लुळं पडतं उजवं अंग. वाचाही बहुतेकांची डावीकडेच असते. एवढं लिहिलं आणि पुढे काही

ता. ४, बुध.
थंडी फार. पाणीगेटच्या वैद्यांनी निर्गुडीच्या पाल्याचा शेक सांगितलाय. वन्सं पाला तव्यावर परततात, पुरचुंडी बांधतात, आधी स्वतःच्या गालाला लावून बघतात आणि मग भावाच्या पायाला. मला तेवढा धीर नसतो. मी यांनाच विचारते.

ता. ५, गुरु.
हातून वाईट झालं.
वन्सं हळदीकुंकवाला गेल्या होत्या. पाठ अर्धा राहिलेला, म्हणून घाईत होते. पाल्याच्या खटपटीऐवजी वीट तापवली, फडक्यात गुंडाळून पोटरीखाली ठेवली.
‘चटका बसतोय का हो?’ ‘नाही.’
‘काढू का?’ ‘नाही.’
माझ्या सोयीचं होतं, म्हणून खरं धरलं. लिहीत बसले. फडकं काढलं तर तळहाताएवढा फोड.

ता. ६, शुक्र.
वन्सं जेवताना म्हणाल्या, ‘पोळी भाजली का तेसुद्धा बाई बोट लावून बघते, वहिनी. तुम्ही पुस्तकात बघत होतात.’ मी ताट तसंच सारलं.
पाठात मीच लिहिलंय: कातडीची खबर वर मेंदूकडे नेणारे मज्जातंतू वेगळे, मेंदूचा हुकूम खाली स्नायूंकडे आणणारे वेगळे. यांचा हुकूम येत नाही, हे दिसतंच आहे. खबर जाते का?
जात नसेल तर यांना काहीच दुखलं नाही. पण मग पायाची आशा सोडायची.
जात असेल तर आशा आहे. पण मग वीट तिथे होती तेवढा सगळा वेळ हे
देवापुढे बसले. काय मागावं ते ठरेना, तशीच उठले.

ता. ९, सोम.
फोड फुटला, वास येतो. शेवटी निजामपुऱ्याहून ते गुजराती डॉ. आले. जखम धुतली, पट्टी बांधली. मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.
‘बेन, जखम भरेल. वेळ लागेल.’
‘पण यांना कळलं असेल का, डॉक्टर?’
‘उद्या टाचणीने पाहू.’
हे ऐकत होते. यांना किती समजतं, देव जाणे. जाताना डॉ. यांचा निरोप घेत म्हणाले, ‘आवजो, भाऊसाहेब!’ हे म्हणाले, ‘नाही.’ डॉ. हसले. हेही जरासे हसल्यासारखे वाटले.

ता. १०, मंगळ.
डॉ. स. नऊला आले. तळव्याला टाचणी टोचली आणि पाय झटकन मागे आला! वन्सं देवाकडे वळून हात जोडत राहिल्या. मला रडूच फुटलं.
‘बेन, एवढ्यात खुश नका होऊ,’ डॉ. पायाशी वाकलेलेच होते. ‘याला मेंदू लागत नाही. टोचलेलं पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत गेलं, तिथूनच पाय ओढला गेला. वर खबर पोचली का, ते चेहरा सांगेल. चेहरा कसा झाला होता?’
मी पाय बघत होते. वन्सं देव बघत होत्या. चेहरा कोणीच पाहिला नव्हता.
‘पुन्हा टोचू का?’
हे माझ्याकडे बघत होते.
‘टोचू देऊ का हो?’
‘नाही.’
डॉ. टाचणी धरून थांबलेले. मी पायावर पांघरूण ओढलं.