मिरजेहून येणाऱ्या त्रेसष्ट खोक्यांबाबत

हैदर इब्राहिम मणियार, राहणार मिरज, हे रविवार दि. २६ ऑक्टोबर रोजी वारले. त्यांचा मुलगा राहील याने काल सकाळी फोनवर तसे सांगितले. त्यामुळे मी, मारिया जोसेफ त्रिभुवन, वय ७१, निवृत्त उपसंपादक, राहणार श्रीरामपूर, २०२१ साली केलेले माझे मृत्युपत्र रद्द करून हे नवे लिहीत आहे. जुन्यात माझा सिनेमातल्या वस्तूंचा सगळा संग्रह हैदरभाईंच्या नावे होता. माझे डोके शाबूत आहे, मूत्रपिंडे नाहीत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला कोणी घरी येतही नाही.

१. राहते घर भाचा सुहास याला द्यावे. गेल्या नाताळात चार पाहुण्यांसमोर तो म्हणाला होता, "आत्या, एवढ्या तलवारी घेतल्यास, लढाई तर एकही जिंकली नाहीस." मी हसले होते. ते हसणे खोटे होते, एवढी नोंद व्हावी.

२. बँकेतील ठेवी बनुबाईला द्याव्यात. ती बावीस वर्षे माझ्या घरी काम करते. एका दसऱ्याला तिने माझ्या सिनेमातल्या तलवारीला हळद-कुंकू वाहिले. मी ओरडले, तर म्हणाली, "हत्यार हाय बाई. पूजल्याबिगर कसं ठिवायचं?" फायबरच्या पात्यावरचा डाग आजतागायत निघालेला नाही. फोटो पाहून हैदरभाईंनी लिहिले, "लिलावाच्या दृष्टीने मेली. पण आता तुमची झाली." ती तलवारही बनुबाईलाच.

३. उरलेला संग्रह म्हणजे सिनेमातल्या वस्तूंच्या प्रतिकृती आणि नट-नट्यांनी वापरल्या म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तू; सगळ्या ऑनलाइन लिलावात घेतलेल्या. यक्षाचा मुकुट आहे. भयपटातला पिसे झडलेला पोपट आहे. एका नायिकेची डाव्या पायाची चप्पल आहे. उजवी हैदरभाईंनी घेतली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. अकरा वर्षांपूर्वी मुकुटासाठी आम्ही दोघेच बोली चढवत होतो, तेव्हा त्यांचा निरोप आला होता, "ताई, कामधंदा नाही का? दुपारचे अडीच वाजलेत." मी लिहिले, "पेपरचे पान लावून बसले आहे. तुमचे दुकान कोण बघतंय?" आम्ही कधी भेटलो नाही. पण पार्सल आले की आधी त्यांना फोटो जायचा, मग मी पाणी प्यायचे.

गेल्या बुधवारी चांदीच्या मुठीची एक काठी लिलावात निघाली. मी बोली लावली आणि त्यांच्या बोलीची वाट पाहत बसले. ती आली नाही. काठी मला पहिल्याच बोलीत मिळाली, आणि मला आनंद झाला होता, हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा त्यांना जाऊन तीन दिवस झाले होते. काठीचे पार्सल मी उघडलेले नाही. ती परत पाठवावी.

४. संग्रहाला वारस हवा म्हणून काल दिवसभर फोन केले. पुण्यातले एक संग्रहालय, एका कॉलेजचा नाट्यविभाग, सिनेमावेड्यांचे दोन ग्रुप. सगळे सौजन्याने बोलले. जागा कोणाकडेच नाही. वकील काकासाहेब निर्मळ म्हणाले, "मारियाबाई, नाव नाही घातलं तर कायद्यानं ते सुहासकडंच जाणार."

"आणि सुहास काय करील?"

"भंगारवाल्याला बोलावील. खरं सांगू का, मीही तेच केलं असतं."

सबब या कलमात मी कोणाचेही नाव घातलेले नाही. घालण्यासारखे एकच होते.

५. आज सकाळी राहीलचा पुन्हा फोन आला. "मावशी, काल बोलायचं राहिलं. अब्बांनी पण लिहून ठेवलंय. त्यांचं सगळं तुम्हाला. त्रेसष्ट खोकी आहेत."

त्यांनी मला हे कधी सांगितले नव्हते. मीही त्यांना माझे सांगितले नव्हते.

"उघडून पाहिलंस का रे?"

"त्यांनीच कधी उघडली नाहीत. उघडलं की किंमत जाते म्हणायचे. मावशी, नको असेल तर मोकळेपणानं सांगा. इथंच काहीतरी करतो."

काहीतरी म्हणजे काय, ते मला माहीत होते. मी म्हणाले, पाठव.

डॉक्टरांनी मला ईस्टरपर्यंतचा अंदाज दिला आहे. त्यानंतर सुहासने जे करायचे ते करावे. फक्त भंगारवाल्याला बोलावण्याआधी हैदरभाईंची खोकी एकेक करून उघडावीत आणि आत काय आहे ते कोणीतरी नीट पाहावे. पाहणाऱ्याला त्यातले काही कळले नाही तरी चालेल.

६. टेम्पो मिरजेहून शुक्रवारी संध्याकाळी निघेल आणि शनिवारी सकाळी दहापर्यंत श्रीरामपुरात पोहोचेल. खोकी उतरवून घ्यायला माझी पार्सले आणणारा छगन थांबणार आहे. आतल्या खोलीतला पलंग आम्ही आजच बाहेर काढला.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर त्यावर सही केली.

मारिया जोसेफ त्रिभुवन

साक्षीदार:
१. छगन रामभाऊ बोरुडे, पार्सल पोहोचवण्याचे काम
२. जया विठ्ठल कोळसे, शेजारी, निवृत्त परिचारिका

श्रीरामपूर, जि. अहिल्यानगर
दि. ५ नोव्हेंबर २०२५