नव्वद नंबरचे ऑइल, थोरला भाऊ व इतर मिळकत

मी खाली सही करणार, धंदा गाड्यांच्या ऑइल-ग्रीसचे दुकान, वय सत्तरीच्या पुढे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, चष्मा लावून, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. दडपण आणू शकेल अशी घरात एकच व्यक्ती, ती म्हणजे माझी पत्नी, आणि ती आत्ता शेजारी वहिनीकडे गेलेली आहे. तब्येत ठणठणीत आहे. परंतु माझे आधीचे एक मृत्युपत्र वकीलबाईंच्या कपाटात पडून आहे, आणि ते तसेच असताना माझे काही बरेवाईट झाले तर पंचाईत होईल, म्हणून हा खटाटोप.

कलम १. ते आधीचे मृत्युपत्र मी संपूर्ण रद्द करतो. त्यातले शेवटचे कलम तर दोनदा रद्द करतो. ते असे होते: "माझा थोरला भाऊ, धंदा मोटार मेकॅनिक, याला माझ्या अंत्ययात्रेला येऊ देऊ नये." लिहिताना मोठे समाधान वाटले होते. पण तेव्हापासून मला मरणाचीच धास्ती बसली. दादा माझ्यासारखाच हट्टी. येऊ नको म्हटल्यावर तो खरोखर आला नसता, आणि मी तिथे आडवा, कान दाराकडे लावून पडून राहिलो असतो.

कलम २. राहते घर, बँकेतली ठेव आणि घरातील सर्व चीजवस्तू पत्नीला. आमचा अबोला चालू होता तेव्हा भाऊ बोलत नव्हते, जावा मात्र रोज बोलत होत्या. त्यामुळे दादाच्या गुडघ्यांची आणि माझ्या पित्ताची बित्तंबातमी दोन्ही घरांत वेळेवर पोचत असे. या सेवेबद्दल घर कमीच आहे. तिच्या पश्चात घर मुलाला.

कलम ३. मुलाला माझी स्कूटर आणि माझे आशीर्वाद. तो संगणकावर काम करतो आणि ऑइलचा डबा दिला तर मेलेली पाल उचलावी तसा दोन बोटांनी धरतो. दुकान त्याच्या गळ्यात मारले नाही म्हणून त्याने माझे आभार मानले आहेत. असा प्रामाणिक मुलगा सगळ्यांना मिळत नाही.

कलम ४. दुकान, त्यातला माल, हातपंप, नरसाळी आणि गल्ल्यामागची खुर्ची, हे सर्व सुनेला. ऑइल विकणे सोपे असते, डबा पुढे सरकवला की झाले. न विकणे अवघड. ते तिला येते. कसे, ते लिहून ठेवतो. वकीलबाई म्हणतात मृत्युपत्रात एवढे लिहीत नाहीत. पण मरणार मी आहे, तेव्हा लिहिणारही मीच.

मागच्या महिन्यात एक संगीतशिक्षक दुकानात आले. म्हणाले, "एकशे चाळीस नंबरचं गिअर ऑइल द्या. गाडीच्या मागून आवाज येतो. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं सांगितलं, जाड ऑइल घातलं की आवाज दबतो."

मी डबा काढायला उठलोच होतो. सून म्हणाली, "सर, आवाज सरळ जाताना येतो की वळताना?"

"वळताना. तेही हळू वळलं तर. कटकट कटकट, कुठल्याच तालात नाही. सरळ जाताना अगदी सुरात असते."

मी बाहेर डोकावलो आणि परत खाली बसलो. लांब नाकाची ती जुनी गाडी मी ओळखली. ती आधी डॉक्टरीणबाईंची होती.

याच गाडीच्या डिफरन्शियलमधले, म्हणजे मागच्या दोन चाकांना फिरवणाऱ्या दात्यांच्या पेटीतले, ऑइल दादाने बदलले होते. ऑइल माझे, नव्वद नंबर, सीलबंद. दुसऱ्या दिवशी गाडी वळणावर कटकटू लागली. दादा भर गॅरेजात गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "ऑइलात भेसळ आहे." मी माझे दुकान आणि त्याचे गॅरेज यांच्या मधल्या खिडकीतून म्हणालो, "ऑइलात नाही, हातात आहे." त्या खिडकीतून आम्ही इतकी वर्षे डबे आणि चहाचे कप एकमेकांना देत आलो होतो. त्या दिवशी मी तिच्यासमोर मालाची मांडणी ओढली आणि बोलणे संपले. डॉक्टरीणबाईंनी वैतागून गाडी विकली. पुढे मुलाचे लग्न झाले, तेव्हा नव्या सुनेला सांगावे लागले की शेजारी गॅरेजात जो खोकतो तो तुझा चुलतसासरा.

मला दादाच्या शब्दांचा राग होताच, पण खरी टोचणी वेगळी होती. डबा खरेच शुद्ध होता ना? घाऊक व्यापाऱ्याने मला फसवले नसेल ना? आणि दादा, असे वहिनीकडून पत्नीला आणि पत्नीकडून मला कळले, प्रत्येक डिफरन्शियल बंद करताना बोल्ट पुन्हा पुन्हा तपासू लागला होता. आम्ही दोघे एकमेकांवर ओरडलो आणि मग आपापल्या जागी स्वतःवरच संशय घेत बसलो.

सुनेला डब्यांवरचे बारीक अक्षर वाचण्याची खोड आहे, वळतानाच्या कटकटीबद्दलही तिने तिथेच वाचले होते. ती म्हणाली, "मागची दोन्ही चाकं उचलून बघायला हवीत." त्यासाठी दोन जॅक लागतात. एक दादाकडे होता. दुसरा माझ्या दुकानात ऑइलच्या ड्रमाला टेकण म्हणून पडलेला, आमच्या वडिलांचा. तिने मला न विचारता तो काढला, मला न विचारता गाडी शेजारच्या गॅरेजात नेली आणि पुढच्या चाकांना विटा लावल्या. वडिलांचा जॅक कुरकुरत वर चढला. दादाने त्याच्याकडे पाहिले आणि मान फिरवली.

"बाबा, तुम्ही डावं चाक फिरवा," सून म्हणाली. "मोठे बाबा, तुम्ही उजवीकडे बसून नुसतं बघा." आणि गाडी न्यूट्रलमध्ये टाकायला स्वतः आत जाऊन बसली.

मी उकिडवा बसलो. गाडीखालून मला पलीकडे दादाचे गुडघे दिसत होते. त्यांवर हात ठेवून तो बसला होता, वडील बसायचे तसाच. साध्या गाडीत एक चाक पुढे फिरवले की दुसरे उलटे मागे फिरते. मी चाक पुढे फिरवले. पलीकडून काही आवाज नाही. सुनेला आतून दिसत नव्हते, संगीतशिक्षकांना त्यातले कळत नव्हते. विचारायला माझ्याशिवाय कोणीच नव्हते.

"दादा, कुणीकडे फिरतंय?"

तो जरा खोकला. "तू फिरवतोयस तिकडेच."

"नीट बघ."

"नीटच बघतोय. तिकडेच फिरतंय. पुढे."

दोन्ही चाके एकाच दिशेला. म्हणजे डिफरन्शियल वेगळ्या जातीचे. त्याच्या पोटात चकत्यांचा जुडगा असतो, आणि वळताना त्या एकमेकींवर अलगद घसराव्यात म्हणून ऑइलात वेगळे औषध घालावे लागते. नुसत्या नव्वद नंबरवर त्या अडखळतात आणि कटकटतात. अशी गाडी आमच्या दोघांच्या हाताखालून त्यापूर्वी कधी गेलीच नव्हती. माझे ऑइल शुद्ध होते. दादाचा हात साफ होता. ते ऑइल त्या गाडीचे नव्हते, एवढेच. मी चाकाला टेकून तिथेच बसून राहिलो. छातीवरून ऑइलचा भरलेला ड्रम कोणीतरी खाली उतरवला, असे वाटले.

सुनेने योग्य ऑइल आणि औषधाची बाटली मागवली, दादाने भरले. मग चकत्यांत ते मुरावे म्हणून गाडी मोकळ्या पटांगणात इंग्रजी आठच्या आकड्यात हळूहळू फिरवायची असते. पुढे संगीतशिक्षक आणि सून, मागच्या सीटवर आम्ही दोघे म्हातारे, कान टवकारून. पहिल्या आठाला कटकट होती. मग विरळ झाली. मग नाहीच.

"ऑइल चांगलं होतं रे तुझं," दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला.

"फिटिंगही," मी म्हणालो.

संगीतशिक्षकांनी गंमत म्हणून आणखी थोडे आठ काढले. आम्ही कोणी थांबा म्हणालो नाही.

कलम ५. सुनेस सूचना. गिऱ्हाइकाने नंबर सांगितला तरी आधी गाडी विचारावी. आवाज दाबायला जाड ऑइल देऊ नये, आवाज काहीतरी सांगत असतो. डिफरन्शियलचे ऑइल गिअरबॉक्ससाठी मागणाऱ्याला हात जोडून परत पाठवावे, आतले पितळ खराब होते. आणि दादाच्या वडीलकीचा मान ठेवूनही त्याला अधूनमधून आठवण द्यावी, की भरायचा बोल्ट आधी सुटतो का ते पाहावे, मगच खालचा सोडून जुने ऑइल काढावे. एकदा सगळे काढून बसलो आणि भरायची वाट बंद निघाली, तर गाडी जागची हलत नाही. मधल्या खिडकीसमोरची मांडणी मी हलवली आहे. ती पुन्हा तिथे ठेवू नये.

कलम ६. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला माझ्याकडून काहीही नाही. त्याला माफही केलेले नाही. एखादे वैर शिल्लक असावे, माणूस ताजा राहतो.

कलम ७. वडिलांचा जॅक थोरल्या भावाला.

कलम ७ रद्द. कारण पुढीलप्रमाणे. साक्षीदार म्हणून दादाने सही करावी अशी माझी इच्छा. वकीलबाई म्हणाल्या, "काका, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. त्यांना जॅक द्या, नाहीतर सही करू द्या." वडिलांच्या मिळकतीची वाटणी झाली तेव्हा सगळे निम्मे-निम्मे झाले, जॅकचे दोन तुकडे होईनात, आणि तो माझ्याकडे राहिला. मेकॅनिक दादा, जॅक माझ्याकडे. त्याने कधी मागितला नाही, पण दुकानावरून जाताना तो आत ड्रमाकडे बघायचा हे मला ठाऊक आहे.

दादा फडक्याला हात पुसत म्हणाला, "सही करतो. जॅक काय, बाजारात मिळतो."

म्हणून मी उठलो, ड्रमाखालचा जॅक काढला आणि त्याच्यासमोर ठेवला. मेल्यावर द्यायचे ते जिवंतपणीच दिले, सबब हा जॅक माझ्या मिळकतीत धरू नये. दादाने त्याचा स्क्रू फिरवून पाहिला. मग माझ्याकडे पाहिले.

"ऑइलच्या दुकानात राहून कोरडा?"

मी नव्वद नंबरचा डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला. संगीतशिक्षकांनाही एक डबा लिहून देणार होतो, तेही साक्षीदार झाल्याने त्यांचा डबा बुडाला.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे, आणि आज मला बरे वाटत आहे.

ठिकाण: दुकान, मधल्या खिडकीशेजारी
दिनांक: मार्च महिन्याचा दुसरा शनिवार

लिहून देणार: (सही) ऑइलवाला

साक्षीदार क्रमांक एक: (सही) संगीतशिक्षक, गाडीचे सध्याचे मालक

साक्षीदार क्रमांक दोन: (सही, बाजूला बोटाचा काळा ठसा) लिहून देणाराचा थोरला भाऊ, मेकॅनिक. साक्षीदाराने जास्तीचे काही लिहू नये असे वकीलबाई म्हणतात, तरी लिहितो. कलम एक आज वाचले. मी तरीही आलो असतो.