पलीकडची बाजू

१२ मार्च, दुपार

प्रिय ठोकळ्या,

अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक आहोत, तुम्ही तिघंही ठीक असाल. तुझ्या बायकोचा खोकला गेला का? छोटीचे दात पडायला लागले असतील आता, एखादा बोळक्या तोंडाचा फोटो पाठव. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तू नुसता ‘हं, हं’ करतोस आणि इकडे बाबा शेजारी बसून माझ्या तोंडाकडे बघत राहतात. म्हणून कागद घेतला.

बाबांची तब्येत वयाच्या मानाने छान आहे. भूक चांगली, झोप चांगली. उजवा पाय जरा दुखतो, त्याचं पुढे सांगते. विसरणं तुला माहीतच आहे. मागच्या खेपेला त्यांनी तुला गॅसवाला समजून सिलिंडर कुठे ठेवायचा ते दाखवलं होतं. तू हसलास, आणि मग बराच वेळ न्हाणीघरात नळ सोडून बसलास. मला ऐकू येत होतं. त्यापेक्षा आता थोडं जास्त आहे, एवढंच.

हो, मुख्य बातमी राहिलीच. बाबांनी पुन्हा काम काढलंय!

मागच्या अंगणात भिंत बांधतायत. कसली, कशासाठी, ते विचारू नकोस. जुन्या कुंपणाचे दगड कोपऱ्यात पडून होते, एक दिवस उठून त्यातलेच निवडायला लागले. अनघड दगड, जसे आहेत तसे, आणि सिमेंट-चुना काही नाही, कोरडीच रचाई. सुरुवातीला मला फार बरं वाटलं. माझं नाव विसरणारा माणूस, पण दगड हातात घेतला की फिरवून फिरवून त्याचं तोंड बरोबर बाहेर आणतो. कितीतरी दिवसांनी मी निवांत बसून चहा प्यायले.

पण ते फक्त आपलीच बाजू बांधतात. तुला सांगायला नको. रुंद भिंत म्हणजे दोन गवंडी समोरासमोर, ह्याने ह्या अंगाला थर चढवायचा, त्याने त्या अंगाला, आणि मधली पोकळी दोघांनी मिळून बारक्या चिपांनी भरत जायची. बाबा आपला थर चढवतात आणि पलीकडच्या थरासाठी थांबतात. “अरे ठोकळ्या, झोपलास काय?” पलीकडे मी असते, दोरीवर कपडे वाळत घालत. नाहीतर कोणीच नसतं. मग एका अंगाची ती भिंत कमरेपर्यंत येते आणि ढासळून बसते. ते चिडत नाहीत. “पोरगं टंगळमंगळ करतं,” म्हणतात आणि पुन्हा खालपासून सुरू.

मी काय काय केलं म्हणून सांगू! हातोडी लपवली, तर खलातला बत्ता घेऊन गेले. टेम्पोवाल्याला सांगून दगड हलवले, तर दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीचे दगड उचकटायला लागले. घराचीच भिंत! तिथे मी हात टेकले. टेम्पोवाल्याचे पाय धरून दगड परत आणले. तो माझ्याकडे असा बघत होता, जणू आजारी मीच आहे.

पायाचं सांगते म्हणाले होते. दोन-तीन महिन्यांपूर्वी ती भिंत बसली ती त्यांच्या पायावर. दोन बोटं मोडली. प्लास्टर होतं, आता निघालंय. तुला कळवलं नाही, रागावू नकोस. तू रजा काढली असतीस, चार दिवस डॉक्टरांकडे फिरला असतास, आणि तू गेल्यावर अंगण होतंच, दगड होतेच, बाबा होतेच.

म्हणून मग मी पलीकडे जाऊन उभी राहिले.

हसू नकोस. लहानपणी बाबा तुला गोट्या सोडून कामावर ओढत नेत, तेव्हा तू भोकाड पसरायचास. आणि मला कामावर जायचं असायचं, तर मला फक्त चहाची किटली घेऊन यायची परवानगी. “मुलीच्या जातीने दगडाला हात लावायचा नाही, बोटं चेचतात.” चहा देऊन मी तिथेच रेंगाळायचे. तुम्ही दोघं एकमेकांकडे न बघता कसे एकाच चालीने वर चढता, ते बघत. ते बघणं आता उपयोगी पडलं.

काम करताना बाबा मान वर करून तोंड बघत नाहीत. थरासाठी ताणलेली दोरी बघतात आणि समोरचे हात बघतात. पहिल्या दिवशी म्हणाले, “ठोकळ्या, दात हलतायत तुझ्या भिंतीचे.” म्हणजे दगड डगमगतायत. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा घसा जाड करून “बसवतो,” म्हटलं. खपून गेलं रे! मग काय, सकाळी शाळेतलं काम उरकायचं, जेवायचं, आणि साडीचा पदर खोचून तू व्हायचं. माझी बोटं बघशील तर ओळखणार नाहीस. पण भिंत बसायची थांबली, आणि बाबा कामावरून घरी आल्यासारखे जेवायला लागले.

आणि एक दिवस चिपा भरता भरता ते सहज बोलून गेले, “आज हात बरा लागतोय तुझा.”

तू त्या मोठ्या इमारतीची कमान केलीस, सगळा घडीव दगड, दरजेत टाचणी जाणार नाही अशी, तेव्हा त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला होता आणि म्हणाले होते, “चालेल.” त्याच वर्षी तू काम सोडलंस. आता ऑफिसात बसून सिमेंटच्या भिंतींना दगडाचे पातळ काप चिकटवून घेतोस. बाबा त्याला भिंतीचा सदरा म्हणायचे, ते तुला टोचायचं हे मला माहीत आहे. तर हे वाक्य आता कोणाचं? दगड मी लावला होता आणि बोलले ते तुझ्याशी. मी हातात चीप धरून तशीच रडत उभी राहिले. बरेच दिवस ते तुला सांगावंसं वाटत नव्हतं, खरं सांगते. आज सांगितलं. अर्धं मला ठेवू दे.

आता जे लिहायचं टाळतेय ते.

भिंत कमरेच्या वर गेली. आता तिला लांब दगड हवा, ह्या तोंडापासून त्या तोंडापर्यंत आरपार जाणारा. तो घातला नाही तर दोन्ही अंगं सुटी राहतात, भिंत पोट काढते आणि फुटते. ह्या वेळी ती त्यांच्या छातीवर येईल. बाकी सगळं विसरलेत, पण लांब दगडाशिवाय पुढचा थर घ्यायचा नाही हे विसरलेले नाहीत. त्यांनी दगडही निवडून ठेवलाय, जुन्या पायरीचा. तो दोघांनी उचलायचा.

गेल्या आठवड्यात ते त्याच्या एका टोकाशी उकिडवे बसले, मी दुसऱ्या. त्यांनी बोटाच्या पेरांनी दगडावर दोनदा टकटक केलं, तुमची जुनी खूण. मी उचललं. त्यांचं टोक वर गेलं, माझं हललं नाही. पुन्हा टकटक. मी सगळा जीव लावला. दगड तिथल्या तिथे घासला.

तेव्हा त्यांनी मान वर केली. पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि विचारलं, “बाई, तुम्ही कोण? तो कुठे गेला?”

‘बाई’ म्हणाले मला. ‘तुम्ही’ म्हणाले.

शेजारच्या सुताराला बोलावलं. चांगला तगडा आहे, मी त्याला टकटक शिकवली. त्याने टोक लीलया उचललं, तर बाबांनी आपलं टोक हळूच खाली ठेवलं. “हा आपला नव्हे,” म्हणाले. त्या दिवसापासून बांधत नाहीत. रोज सकाळी जाऊन दगडापाशी बसतात, आणि मी पाणी घेऊन गेले की तोच प्रश्न, “तो कुठे गेला?” जेवण निम्म्यावर आलंय. वर लिहिलं ना भूक चांगली म्हणून, ते खोटं. हात धुऊन मागे लागून चार घास जातात. डॉक्टर म्हणतात, असंच उतरत जाणार. मला काही म्हणजे काही सुचत नाही रे.

तू ये. पण पुढच्या दाराने नको. पुढच्या दाराने आलास की पाहुणा होशील, ते उठून तुला खुर्ची देतील. बाजूच्या बोळातून थेट मागे ये, चपलेसकट, आणि दगडाच्या दुसऱ्या टोकाशी बस. काही बोलू नकोस. ते टकटक करतील.

उचलल्यावर ते तुला ओळखतीलच असं मी सांगू शकत नाही. तुझेही हात आता मऊ झाले असतील. तुलाही त्यांनी “हा नव्हे” म्हटलं तर मी काय करायचं, हा विचार करून करून मी हे पत्र आठवडाभर लिहिलं नाही.

आत्ता ते बाहेरच आहेत, खिडकीतून दिसतात. एका टोकाखाली बोटं घालून बसलेत. त्यांना पाणी द्यायची वेळ होऊन गेली, पण प्रश्न ऐकवत नाही म्हणून मी आत लिहीत बसलेय. यायला जमणार नसेल तर त्यांना उत्तर काय देऊ, तेवढं तरी कळव.

तुझ्या जागी उभी असलेली,
पण तुझं टोक उचलू न शकलेली,
आक्का