आपल्याकडे ठेवलेला फोन

बाबा, आपल्या घरचा फोन आता इंटरनेटच्या डब्यातून चालतो. रस्ता खोदताना जुनी तार तुटली ती कुणी जोडलीच नाही. दोन महिने आई बंद फोन रोज पुसत होती. शेवटी अवधपुरीच्या या घरात काचेच्या धाग्यासारखी बारीक केबल आली. आता भिंतीवर एक पांढरा डबा आहे. त्यातूनच माझ्या शाळेच्या ऑनलाइन मीटिंग चालतात आणि त्याच्याच मागच्या खाचेत आईचा फोन खोचलेला आहे. नंबर तोच मिळाला. आईची तेवढी एकच अट होती.

पहिल्या आठवड्यात डब्यावर लाल दिवा लागला आणि सगळं बंद पडलं. तक्रार करण्याआधी मी खाली बसून केबल चाचपली, कारण "आधी वायर बघ, मग यंत्राला नावं ठेव" असं तुम्ही म्हणायचात. झाडताना केबल सैल झाली होती. ती नीट बसवली, दिवा हिरवा झाला, आणि तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली असताना मला तुम्हाला हाक मारावीशी वाटली.

तुम्ही टेलिफोन एक्सचेंजमध्ये, म्हणून शिवाजी नगरच्या आपल्या क्वार्टरांच्या ओळीत फोन फक्त आपल्याकडे. आजोबा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इथे हिंदी मुलखात आले, तरी घरात मराठी तशीच राहिली. फोनवर मात्र सगळं हिंदी. "जरा बुला दीजिए" हे वाक्य मी लहानपणी जितक्यांदा ऐकलं तितकं माझं नावही ऐकलं नसेल. नियम तुमचा होता. कुणाचाही फोन आला की हातातलं काम टाकायचं आणि बोलवायला जायचं. जेवत असलो तरी.

त्या रविवारी मी अकरा वर्षांची आहे. तुम्ही ड्यूटीवर, आई हळदीकुंकवाला गेलेली. मैत्रिणीबरोबर माझा कॅरम रंगलाय, राणी माझ्या हाताशी आलीय आणि फोन वाजतो. इटारसी स्टेशनवरून एक बाई बोलतायत. पलीकडच्या चौथ्या क्वार्टरमधल्या शिक्षिकाबाईंची धाकटी बहीण. "बेटा, दीदी को कह दो, मेरी गाड़ी डेढ़-दो घंटे में हबीबगंज पहुँचेगी। बस पाँच मिनट रुकेगी। स्टेशन पर आ जाएँ।" मी बोर्डाकडे बघते आणि म्हणते, "वो घर पर नहीं हैं।" मग त्या म्हणतात, "अच्छा। आ जाएँ तो बता देना।" मी राणी घेतली, डाव जिंकले आणि निरोप विसरले.

दहा-बारा दिवसांनी शिक्षिकाबाई हातात अंतर्देशीय पत्र घेऊन आपल्या दारात आल्या. बहिणीने लिहिलं होतं, मी गाडीच्या दारात उभी राहून तुला शोधत होते. बहिणीच्या लग्नाला घरून विरोध झाल्यापासून त्या दोघी सात वर्षं भेटल्या नव्हत्या. शिक्षिकाबाईंनी कुणाला दोष दिला नाही, फक्त विचारलं, "भाईसाहब, कोई फ़ोन आया था क्या?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी खरं सांगितलं, कारण तुमच्यापुढे दुसरं काही सुचायचंच नाही. शिक्षिकाबाई माझ्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "मैं तो यहीं थी, बेटा। मटर छील रही थी।"

तुम्ही मारलं नाहीत. माराल असं वाटून मी डोळे मिटून घेतले होते. तुम्ही त्यांच्यापुढे हात जोडलेत आणि म्हणालात, "गलती हमारे घर से हुई है।" त्या गेल्यावर मला समोर बसवलंत. "हा फोन आपला नाही," तुम्ही म्हणालात. "आपल्याकडे ठेवलाय, एवढंच." मग एक्सचेंजला फोन करून त्यांच्या बहिणीच्या गावी ट्रंक कॉल लावायला सांगितलात आणि मला तिथेच बसवून ठेवलंत. तीन तास लागले. घंटी वाजली तशी मी अनवाणी धावले. शिक्षिकाबाई पदर सावरत आल्या, रिसीव्हर कानाला लावला आणि नुसत्या रडत राहिल्या. तुम्ही मला खांद्याला धरून बाहेर ओट्यावर आणलंत, म्हणालात, "त्यांना बोलू दे." त्या थंडीत ती बहीण आठ दिवस राहायला आली आणि जाताना माझ्या हातावर तिळाचे लाडू ठेवून गेली. मला ते गिळवेनात.

नव्या फोनला एक खोड आहे. तुमच्या फोनला घरातली वीज लागायची नाही. हा डबा लाइट गेली की मरतो. गेल्या महिन्यात मी शाळेतून दुपारी आईला फोन केला तर लागेना. तिचा मोबाइल नेहमीसारखा कपाटात बंद. तिचं वय, ओली मोरी, काय काय मनात आलं. शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकूंना फोन केला आणि म्हटलं, "ज़रा ऊपर जाकर देख लेंगी?" त्या धापा टाकत वर गेल्या. आई फोनजवळ खुर्ची ओढून बसली होती. काकूंच्या मोबाइलवरून मला म्हणाली, "मला काय झालंय? पण मधल्या वेळात कुणाचा आला असता तर?" त्याच आठवड्यात मी डब्याला छोटी बॅटरी जोडून घेतली. आता लाइट गेली की आई आधी रिसीव्हर उचलून आवाज ऐकते, मगच टॉर्च शोधते.

हे पत्र टाकायला पेटी नाही, हे मला कळतं. तरी एक गोष्ट लिहून ठेवते. इंदूरच्या हॉस्टेलात होते तेव्हा मी रोज सातच्या सुमारास बूथवरून फोन करायचे. तुम्ही उचलायचात, "बरी आहेस ना?" विचारायचात, मी "हो" म्हणायचे आणि लगेच, "आईला द्या." तुम्ही "देतो" म्हणायचात आणि रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज यायचा. बाबा, त्या वेळी आईचे हात कणकेत असतात हे मला ठाऊक होतं. तुम्हीच उचलावा म्हणून मी ती वेळ धरायचे. पुढे काय बोलायचं, ते मला कधी जमलं नाही.