सतराशे बाराचा गैरहजर राजा

४ मार्च, टार्निट
विद्यापीठात सेमिस्टर सुरू. मी शिकवायचा विषय यंदाही तोच: स्वीडन, एकच वर्ष, १७१२. त्या वर्षी तिकडे फेब्रुवारीला तीस दिवस होते, हे सांगितलं की पहिला तास निभावतो. मागून एक ऑस्ट्रेलियन पोरगा, "नो वे, मेट!" आपल्याकडे अख्खा अधिक महिना येतो, एका दिवसाचं काय कौतुक! बाकी वर्ष भयाण. प्लेग नुकता सरलेला, युद्ध चालूच, आणि राजा तुर्कांच्या मुलुखात. लढाई हरून आश्रयाला गेला तो तिथेच बसला.

१५ मार्च
वैशालीचा फोन. बाबा पुन्हा बाथरूममध्ये पडले. ते डोंबिवलीत एकटे. ही नोकरी सांभाळून ठाण्याहून रोज जाते. म्हणाली, "दादा, वृद्धाश्रम बघू या का?" मी ताडकन नाही म्हणालो. आपल्यात असलं कुणी केलेलं नाही. दिवसरात्रीची बाई ठेव म्हटलं.
"दुसरीही पळाली. तिसरी तू येऊन शोध."
अनुजा म्हणते, जाऊन ये ना. कसा जाऊ? काँट्रॅक्ट जूनपर्यंत. मधेच गेलो तर पुढचं विसरा. बायकोला हे समजावलं, बहिणीला कसं सांगायचं...

२ एप्रिल
वर्गात राजाची पत्रं. तह नाही. नवी फौज उभारा, समुद्रापार धाडा. स्टॉकहोमच्या मंडळींनी रडावं, माणसं उरली नाहीत. महिन्यांनी उत्तर यावं, करा. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "ही शुड जस्ट गो होम." सगळे हसले. मला हसू येईना.
घरी येऊन वैशालीला सूचना पाठवल्या. बाथरूमला दांड्या बसव, फिजिओ बदल, मीठ कमी. तिने नुसता अंगठा पाठवला.

२१ एप्रिल
व्हिडिओ कॉल. बाबांच्या मागची भिंत हिरवी. आमच्या घरात हिरवी भिंत नाही.
वैशाली फोन घेऊन बाहेर आली. "बदलापूरला आहोत. आश्रमात. परवा आणलं त्यांना."
मला न विचारता! थोरला मुलगा मी. खूप ओरडलो. आजच्या आज घरी ने म्हटलं.
"तू ये आणि ने." फोन बंद.
संताप होतोय, आणि लाजही वाटते. तिचं खरं आहे म्हणून जास्त.

२४ एप्रिल
बाबांचा फोन, स्वतःहून. आवाज बारीक, डोकं शाबूत.
"तिला बोलू नकोस. मीच म्हटलं, मला इथे ने. तुला आधी सांगू नको, हेही मीच म्हटलं."
"का, बाबा?"
"तू नाही म्हणाला असतास. मग ती अडकली असती."
जेवण बरं आहे म्हणे, आमटीत गूळ जास्त. "तू तुझं सेमिस्टर पूर्ण कर. घाई नाही." ते ऐकल्यापासून दिवसभर काही सुचलं नाही.

२८ मे
शेवटचा तास. राजा पुढे मायदेशी परतला, पण स्टॉकहोम त्याने पुन्हा पाहिलं नाही. एकाने विचारलं, लोकांनी वाट पाहिली का? सुरुवातीला पाहिली असावी, म्हटलं.
पुढच्या काँट्रॅक्टचं कुणी काही बोलत नाही. आता त्याचीही भीती उरली नाही. अनुजाने जूनची तिकिटं बघून ठेवलीत, फक्त हो म्हणायचं बाकी. बाबांना फोन करून विचारलं, येऊ का?
म्हणाले, "वैशालीला विचारून सांगतो."